बाहेरच्याची भाकर

आमच्या घरात चुलीवरची पहिली भाकर कुणाच्याच ताटात पडत नसे. माय काटवटीत ज्वारीचं पीठ मळायला बसली की पहिली भाकर ती घराबाहेर असलेल्या माणसाच्या नावानं थापायची. भाजून झाली की दुरडीच्या तळाला ठेवायची, तिच्यावर फडकं अंथरायची आणि मग वर बाकीच्यांच्या भाकरी. सुगी संपली की माझा बाप मेंढरं घेऊन गावोगाव जायचा. शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, आम्हाला धान्य. तो गेला की पहिली भाकर त्याची. दुसऱ्या दिवशी ती वाळलेली भाकर चुरून माय शेळीला घालायची.

मला लहानपणापासून तोंड फार. एकदा म्हटलं, "बा तर तिकडं डोंगरकडा गावाला शेतकऱ्याच्या घरचं खाऊन राहिला, आन् तू इथं त्याच्या नावानं शेळी पोसून राहिली. हे काय गं?"

माय म्हणाली, "त्याचं पोट तिकडं भरंल. पण इथं त्याची जागा मोकळी दिसू द्यायची न्हाई."

एवढंच. मायला जास्त बोलायची सवय नव्हती. तिच्या वाटणीचं बोलणंही देवानं मलाच दिलं होतं.

आमचं गाव पुसेगावच्या पलीकडं, माळाच्या अंगाला. दहावीपर्यंत मी पुसेगावच्या शाळेत चालत गेले. पुढं कॉलेज करायचं तर हिंगोली. गावाला एसटी होती, पण ती यायची तिच्या मनावर. रोज जाऊन येऊन शिकायचं म्हणजे कॉलेज कमी आणि फाट्यावर उभं राहणं जास्त झालं असतं. मग बाला एक नर्सबाई आठवल्या. पूर्वी कधीतरी त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय सडायला आला होता. सरकारी दवाखान्यातल्या या बाईनं तो रोज धुऊन, बांधून वाचवला. आता त्या रिटायर होऊन हिंगोलीतच एकट्या राहत होत्या आणि त्यांच्या घरामागं एक खोली रिकामी होती.

चुलता म्हणाला, "ख्रिश्चन बाई हाय ती."

बा म्हणाला, "माझा पाय धुताना तिनं माझी जात इचारली न्हाई. मी कशाला इचारू?"

निघायच्या सकाळी मला वाटलं होतं, माय रडेल, निदान गळ्यात पडेल. तिनं विचारलं, "तिथं चूल हाय का स्टो?"

"स्टो हाय."

"मंग भाकर नीट फुगायची न्हाई," असं म्हणाली आणि शेळ्यांकडं गेली. एसटीत बसेपर्यंत मला तिचा राग आला होता, आणि एसटी हलल्यावर मी अशी रडले की कंडक्टरनं तिकीट द्यायचं थोडं लांबवलं.

हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातलंच तालुक्याचं गाव होतं, पण मला ते पुरून उरलं. दिवसा काही वाटायचं नाही. वर्गातल्या मुली माझ्या 'काहून'ला हसायच्या, मी त्यांच्या हिंदी मिसळलेल्या मराठीला हसायची, फिट्टंफाट. खरी परवड व्हायची दिवेलागणीला. आमच्या गावात त्या वेळेला मेंढरं परतायची, सगळीकडं धूळ उठायची, कोकरं आयांना शोधत ओरडायची आणि आया त्यांना बराबर ओळखून आवाज द्यायच्या. हिंगोलीत त्या वेळेला नुसते भोंगे वाजायचे. मी खोलीचं दार लावून घरून आणलेल्या घोंगडीत तोंड खुपसायची. तिला मेंढरांचा वास होता. कॉलेजातल्या एखाद्या मुलीनं नाकाला रुमाल लावला असता, मला मात्र तो वास पोटभर हवा असायचा. महिना-दोन महिन्यांत त्या घोंगडीला रॉकेलचा वास चढला, आणि त्या दिवशी मला खरंच वाटलं की आता माझं घर सुटलं.

देवाला हाक मारावी तर तीही सोय नव्हती. आमचा देव लिंबाखाली, गावाच्या शिवेवर. मेंढरं घेऊन निघताना बा तिथं चप्पल काढून उभा राहायचा आणि म्हणायचा, "इथवर तू होतास. आता पुढं दुसऱ्याचा मुलूख." मग पुढच्या गावाच्या शिवेवर त्या गावच्या देवाला हात जोडून आत पाऊल टाकायचा. देव असे ज्याच्या त्याच्या हद्दीतले असतात, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते. हिंगोलीत देवळांना काही तोटा नव्हता. पण माझी तिथं कुणाशी ओळख? ओळखीपाळखीशिवाय कुणाच्या दारात जाऊन तोंड वर करून काय मागायचं?

नर्सबाई कडक होत्या. पाण्याची बादली कुठं ठेवायची, चपला कुठं काढायच्या, सगळ्याला नियम. मीही काही कमी नव्हते, त्यामुळं पहिले काही आठवडे आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी करायला गेले. पीठ घेतलं, तशा त्या खाटेवरून म्हणाल्या, "आधी एक मूठ त्या डब्यात टाक गं. मग मळ."

फळीवर एक झाकणाचा पितळी डबा होता. उघडून पाहिला तर अर्धा पिठानं भरलेला. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी मूठ टाकली आणि विचारलं, "तुमचं कोण भाईर हाय?"

"म्हणजे?"

मग मी त्यांना मायच्या पहिल्या भाकरीचं सांगितलं. म्हटलं, तुमचा कुणी लेक, भाऊ परगावी असेल, त्याच्या नावाची ही मूठ. नर्सबाईंना ना लेक होता, ना भाऊ. त्यांच्यातल्या बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर पीठ नाही तर तांदूळ प्रभूच्या नावानं बाजूला काढतात, रविवारी ते एकत्र करतात आणि ज्याच्या घरी चूल पेटत नसेल तिथं पोचवतात, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी त्यांनी मला दुरुस्त केलं नाही. म्हणाल्या, "आहे एक जण बाहेर. त्याचीच आहे."

"लई लांब हाय का?"

"नाही गं. तसा लांब नाही."

त्या दिवसापासून मीही माझ्या खोलीत पीठ मळायच्या आधी एक मूठ काढायला लागले. माझे सगळेच बाहेर होते.

रविवारी सकाळी नर्सबाईंच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडायची. चार-पाच घरची माणसं यायची. त्यात रेल्वेतला एक गँगमन आणि त्याची बायको होती, दवाखान्यातला कंपाउंडर होता. पेटी वाजायची, गँगमन ढोलकीवर बसायचा आणि गाणी अशा चालीवर म्हणायचे की मला आमच्या गावच्या भजनातच बसल्यासारखं वाटायचं. मी आधी मागच्या दारातून ऐकायची, मग उंबऱ्यावर बसून, मग सतरंजीच्या कडेला. मला कुणी ये म्हणालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोकांनी मला काय काय मिळालं याच्या कहाण्या रचल्या. मला मिळाला तो कपभर चहा, आणि तोही साखर कमी.

महिन्यातून एकदा नांदेडहून पाळक यायचे. एका रविवारी त्यांनी मेंढपाळाची गोष्ट सांगितली. त्याच्याकडं शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं, तर तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला. सगळे माना डोलावत होते. मी मात्र खुदकन हसले.

पाळक म्हणाले, "काय झालं, बेटा?"

"नव्व्याण्णव रानात सोडून? लांडग्याला जेवायला बोलावलं काय त्यानं? माझा बाप असं करायचा न्हाई."

नर्सबाईंनी डोळे वटारले. पाळक मात्र हसून म्हणाले, "मग तुझा बाप काय करतो?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला एक संध्याकाळ आठवली. मी तेव्हा लहान. आमची मेंढरं कयाधूच्या काठच्या एका रानात बसवली होती आणि मी मायबरोबर बासाठी भाकर घेऊन गेले होते. सांजेला बाच्या लक्षात आलं, एक लंगडी मेंढी आली नाही. त्यानं भाकर तशीच ठेवली, काठी उचलली आणि तो ओढ्याच्या अंगाला निघून गेला. मायनं पदर खोचला, दुसरी काठी घेतली आणि मेंढरांच्या भोवती फिरायला लागली. चांगलाच अंधार पडला तेव्हा बा ती मेंढी खांद्यावर टाकून आला. आम्ही दोघं तिच्यापाशी बसलो. बानं तिचा पाय चोळला, मी तिच्या तोंडाला पाला लावला. माय तशीच मेंढरांच्या पलीकडच्या बाजूला उभी होती, काठी धरून.

मी पाळकांना म्हटलं, "माझा बापबी गेला होता. पण बाकीच्यांपाशी माय होती. तुमच्या गोष्टीत बाकीच्यांपाशी कोण होतं?"

"ते काही लिहिलेलं नाही," पाळक म्हणाले.

सगळे गेल्यावर सतरंजी झटकताना नर्सबाई म्हणाल्या, "असेल कुणीतरी. सगळं कुठं लिहितात?"

त्या आठवड्यात मला पहिल्यांदा प्रार्थना जमली. शब्द वगैरे काही नव्हते माझ्याकडं. दिवेलागणीला घोंगडीवर बसून मी नुसतं म्हटलं, मी हरवले आहे, मी इथं आहे. आणि कुणीतरी माझ्यासाठी भाकर तशीच टाकून, काठी घेऊन निघालं आहे, असं मला आतून वाटलं. नर्सबाई म्हणायच्या, त्याला शीव नाही, गाव नाही, तो सगळीकडं येतो. मला तेवढंच हवं होतं. घराची आठवण काही गेली नाही, उलट वाढली. पण आता ती आठवण काढताना मी एकटी नसायची.

एक भीती मात्र त्याच दिवशी जन्माला आली. हे मायला कळलं तर? माझा देव बदलला असं तिला वाटलं तर ती दुरडीच्या तळाला माझी भाकर ठेवील का? दुसरं काही गेलं असतं तर मी भांडून मिळवलं असतं. ती भाकर भांडून मिळण्यातली नव्हती.

दिवाळीत घरी गेले. पहिल्याच जेवणाला, ताट समोर आल्यावर, सवयीनं माझे डोळे मिटले आणि ओठ हलले. डोळे उघडले तर माय माझ्याकडं बघत होती. तिचा वाढता हात थांबला होता.

दोन दिवसांनी चुलता हिंगोलीचा बाजार करून आला तो पेटलेलाच. उंबऱ्यातूनच म्हणाला, "तुझी पोरगी तिकडं पेटीवर येशूची गाणी म्हणून राहिली. बाटवली तिला त्या बाईनं. आता हिला करून कोण घेईन?"

बानं मला विचारलं, "व्हय का?"

मी म्हटलं, "व्हय. मी तिथं बसते. मला कुणी बाटवलं न्हाई."

"मला न इचारता?"

"कसं इचारू? आपला देव शिवेच्या आत हाय. तुमीच म्हणता ना, इथवर तू. मी तर शिवेच्या भाईर हाय. मी तिकडं कुणाला हाक मारू?"

बा म्हणाला, "कॉलेज बस झालं आता. घरी ऱ्हा."

माय चुलीपुढं होती. तिनं पहिली भाकर तव्यावर टाकली होती. बा घरात, मी घरात, म्हणजे त्या दिवशी ती कुत्र्याची. ती उलथता उलथता, वर न बघता बोलली. एवढं बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं.

"लोकांच्या शेळ्या तुमी राखोळीला घेता. त्या तुमच्या हुतात का?"

आमच्याकडं गावातल्या कितीतरी घरच्या शेळ्या अशा राखोळीला असायच्या. राखणारा चारतो, पाणी दाखवतो, आजारपण बघतो. पण जनावर ज्याचं त्याचंच राहतं.

बा म्हणाला, "त्याचं काय इथं?"

"पोरगी आपल्या नजरंच्या भाईर हाय. दिस कलल्यावर ती तिथं रडत आसंल, तर तुमी जाऊन राहिले का मी जाऊन राहिले? कुणीतरी राखून राहिलं तिला. राखू द्या. राखोळीला दिलेलं जनावर ज्याचं त्याचंच असतंय."

चुलता म्हणाला, "आन् न्हाई परत आली, मंग?"

मायनं भाकर निखाऱ्याशी उभी केली आणि ती फुगेपर्यंत तिच्याकडंच बघत राहिली.

सुटी संपली तेव्हा बाच मला फाट्यावर सोडायला आला. लिंबाखाली त्यानं नेहमीसारखी चप्पल काढली, हात जोडले आणि मग मला विचारलं, "तुझ्या त्याला शीव न्हाई म्हणती?"

"न्हाई."

"बरं हाय. चालणाऱ्या माणसाला तसलाच पायजे," तो म्हणाला. त्याच्यापुरता तो विषय तिथं मिटला.

मायपुरता मिटला की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. तिनं मला अडवलं नाही, पण पुन्हा कधी विचारलंही नाही. मी दर वेळी म्हणायची, माय, एकदा हिंगोलीला ये, नर्सबाईंना भेट, मी राहते ती खोली बघ. दर वेळी एकच उत्तर: "शेळ्यांचं कोण करंल?" मी चिडायची. जगातल्या सगळ्या बाया शेळ्या सोडून माहेरी जातात, जत्रेला जातात, लेकीच्या दारात मात्र हिच्या शेळ्या आडव्या येतात! एकदा तर मी म्हटलं, "मी शेळी असते तर बरं झालं असतं." ती हसली आणि म्हणाली, "मंग तुझं दूधबी काढलं असतं."

मी शिकले, हट्टा गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. हिंगोलीचा जिल्हा झाला. नर्सबाई थकल्या, त्यांचा पितळी डबा आता मीच सुटीच्या दिवशी जाऊन भरायची. लग्नाचं बोलणं निघालं की मी भांडून उठायची. आणि इतक्या वर्षांनी, कुणी न म्हणता, मी ठरवलं की बाप्तिस्मा घ्यायचा. मला कळत होतं की एवढी वर्षं मी मायसाठी थांबले होते. तिनं एकदा 'व्हय' म्हणावं म्हणून.

सांगायला घरी गेले. माय शेळीचं दूध काढत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी?"

"नाताळाच्या आधीच्या रविवारी."

"तवा शेळ्या व्यायच्या असतात," ती म्हणाली. म्हणजे येणार नाही. मी परत येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले, पहिल्या वेळेसारखीच. केस पिकायला लागले तरी माझ्यातलं ते लेकरू काही मोठं झालं नव्हतं.

त्या रविवारी नर्सबाईंच्या पुढच्या खोलीत तीच सतरंजी होती. ढोलकीवर आता गँगमनचा मुलगा होता. पाळक माझ्या कपाळावर पाणी घालत होते आणि माझं सगळं लक्ष दाराकडं होतं. उपासना संपली, लोक चहाला उठले, तेव्हा उंबऱ्यावर बा दिसला. खांद्यावर घोंगडी, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. कधी येऊन बसला होता कुणास ठाऊक.

मी त्याच्यापुढं जाऊन बसले. "माय?"

"मेंढरांपाशी हाय," बा म्हणाला. "मी तुझ्याकडं आलो, मंग तिथं कुणीतरी थांबाय पायजे न्हं."

पाळकांच्या गोष्टीत जी कुठं लिहिलेली नव्हती, ती बाई त्या वेळेला आमच्या माळावर काठी घेऊन उभी होती. इतकी वर्षं ती आली नाही म्हणून मी रुसले होते, आणि ती तर तिथं माझ्यासाठीच थांबली होती.

आता माय नाही. घरी चूल जाऊन गॅस आला, मेंढरं विकली. दिवेलागणीला मला अजून त्या माळाकडं धावत सुटावंसं वाटतं.

त्या रविवारी बानं घोंगडीच्या आतून एक फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पहाटं टाकली," तो म्हणाला. "म्हणली, आज शेळीला घालायची न्हाई. जिची हाय तिला नेऊन द्या."

मी फडकं सोडलं. कपाळ अजून ओलं होतं. डोळे मिटले, हात जोडले आणि बाच्या शेजारी उंबऱ्यावर बसून ती भाकर मोडली. चुलीवरची होती. नीट फुगलेली होती.